बोलण्याच्या अलीकडे

यंदाच्या अंकाचे सूत्र 'वाणी' असल्याचे संपादकांनी कळविले, तेव्हा संत, शाहीर, कीर्तनकार आणि फर्डे वक्ते यांच्याविषयीचा मजकूर त्यांच्या दप्तरी आपोआप रुजू होणार, याविषयी मला यत्किंचितही शंका नव्हती. म्हणून ज्यांच्यापाशी वाणी अद्याप आलेलीच नाही, किंवा येता येता वाटेत कोठेतरी अडखळून राहिली आहे, अशा दोन ते सहा वर्षांच्या बालकांकडे आणि त्यांना बोलते करण्याचे काम पत्करलेल्या माणसांकडे आपण जावे, असे मी ठरविले. या कामाला शासकीय कागदपत्रांत 'वाचा-उपचार' म्हणतात, शहरी आईबाप 'स्पीच थेरपी' म्हणतात, आणि गावाकडून आलेली आजी 'पोराच्या बोलण्याचं दाखवायला आणलंय' एवढेच म्हणते. जिभेचे काही व्यायाम, आरशासमोर बसून केलेले काही उच्चार, असे या उपचाराचे जे चित्र माझ्या मनात होते, ते प्रत्यक्ष पाहिल्यावर फारसे टिकले नाही. कारण ज्या खोल्यांत मी बसलो तेथे जिभेपेक्षा कानाची, आणि मुलापेक्षा त्याच्या घरच्या माणसांची अधिक झडती घेतली जात होती.

जबानी

मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागामागे एक अरुंद व्हरांडा आहे. सकाळी नवाच्या सुमारास तेथील बाकांवर जागा उरत नाही. कळवा, गोवंडी, विरार, क्वचित पालघरच्याही पलीकडून आलेल्या बाया केसपेपरची घडी मुठीत धरून बसलेल्या असतात, आणि त्यांची मुले बाकाखालून वर व वरून खाली जात असतात. आत वाचातज्ज्ञ बाई एकेकाला बोलावतात. त्यांना सगळे 'मॅडम' म्हणतात. त्या मात्र समोर येणाऱ्या प्रत्येक बाईला 'आई', पुरुषाला 'बाबा' आणि पदर डोक्यावर घेतलेल्या वृद्धेला 'आजी' म्हणतात, त्यामुळे नाव विचारण्याचा प्रश्न फक्त मुलापुरताच उरतो.

मग जबानी सुरू होते. मूल पूर्ण दिवसांचे होते का, जन्मल्याबरोबर रडले का, काचेच्या पेटीत ठेवावे लागले होते का, कावीळ किती चढली होती, झटके आले होते का, मान केव्हा धरली, बसले केव्हा, चालले केव्हा. आणि मग आवाज जरा खाली आणून, 'लग्न नात्यातलं आहे का, आई?' मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या समाजांत अद्याप टिकून आहे, त्यांच्यात जन्मजात बहिरेपणाचे काही आनुवंशिक प्रकार अधिक आढळतात, हे त्या प्रश्नामागचे कारण. आणि नवजात अर्भकाची कावीळ मर्यादेबाहेर गेली तर श्रवणमार्गाला इजा होऊ शकते, हे त्याआधीच्या प्रश्नामागचे. बाईंच्या प्रश्नांत कोठेही आरोप नसतो, पण उत्तर देणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर आरोपीची कळा आलेली मी अनेकदा पाहिली, आणि शेजारी बसलेली सासू ती कळा दूर करण्याची घाई करीत होती असेही नाही.

या जबानीत एक वाक्य हमखास येते: 'त्याला सगळं समजतं, मॅडम, फक्त बोलत नाही.' बाई ते वाक्य ऐकून घेतात, लिहूनही घेतात, आणि मग आईला सांगतात, 'बरं, त्याला चप्पल आणायला सांगा बघू.' आई म्हणते, 'बाळा, चप्पल आण,' आणि म्हणताना तिची नजर दाराकडे जाते, हनुवटी तिकडे वळते, बोट किंचित उचलले जाते. मूल जाऊन चप्पल घेऊन येते. 'आता हात मागे बांधा, माझ्याकडे बघा, आणि मला बॉल आणायला सांगा.' या वेळी मूल आईच्या तोंडाकडे बघत उभे राहते. शब्दांवाचून केवळ खाणाखुणांच्या आधारावर दीड-दोन वर्षे घरातील सर्व व्यवहार चालवीत आलेल्या त्या मुलाची हुशारी वादातीत असते. मात्र ती भाषेची समज नव्हे, हे त्या मातेला त्या क्षणी प्रथमच दिसते. 'समजते पण बोलत नाही' आणि 'समजतही नाही' या दोन निराळ्या अवस्था असून दुसरी अधिक चिंतेची, हे बाई नंतर सावकाशीने समजावून सांगतात.

आजीचाही एक मुद्दा असतो. 'ह्याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता.' सुशिक्षित माणसे या विधानाला हसतात. बाई हसत नाहीत, उलट त्याची नोंद करतात, कारण उशिरा बोलण्याची प्रवृत्ती घराण्यातून उतरू शकते ही गोष्ट खरीच आहे. दोन वर्षांच्या वयात मागे असलेल्या मुलांपैकी पुष्कळशी पुढे आपली आपण बरोबरीला येतात, हेही खरे. अडचण एवढीच की, येणारी कोणती आणि न येणारी कोणती हे नुसते पाहून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. मूल बोट दाखवून काही मागते का, हाक मारल्यावर वळते का, टाटा करते का, आलेले शब्द गेले तर नाहीत ना, अशा काही खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. बाप बोलला म्हणून मुलगाही बोलेल या भरवशावर जी दोन वर्षे जातात, ती परत मिळत नाहीत.

कानाचा कौल

या खोलीचा पहिला नियम असा की, कानाचा निकाल हाती आल्यावाचून जिभेविषयी एक अक्षरही बोलायचे नाही. तो नियम घरच्यांना पटत नाही, कारण त्यांनी आपल्यापरीने परीक्षा केलेली असते. मुलाच्या पाठीमागे ताट आपटले आणि ते दचकून वळले, म्हणजे कान शाबूत, असा सार्वत्रिक समज आहे. पण आपटलेल्या ताटाचा आवाज मोठा असतो, जमीन हादरते, सावली हलते. मध्यम प्रतीचा श्रवणदोष असलेल्या मुलाला दार आपटल्याचे कळते, कुकरची शिट्टी कळते, मोटारीचा भोंगाही कळतो. परंतु 'स', 'त', 'फ' यांसारखे बारीक, श्वासासारखे वर्ण त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि मग त्याच्या लेखी माणसांचे बोलणे ही एक अस्पष्ट गुणगुण राहते. कधी कधी तर मूळचा बहिरेपणा नसतोच. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे द्राव साठलेला असतो, आणि तोच महिनोन्महिने शब्दांना अडवून धरतो.

1978 साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प या संशोधकाने दाखवून दिले की, निरोगी अंतःकर्ण हा नुसता ध्वनी ग्रहण करीत नाही, त्याला प्रतिसाद म्हणून स्वतःही एक अतिसूक्ष्म ध्वनी बाहेर टाकतो. या शोधावर आधारलेले छोटे उपकरण आता झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या कानाशी लावतात, आणि काही मिनिटांत प्राथमिक कौल मिळतो. तो संशयास्पद आला तर 'बेरा' नावाची पुढची तपासणी होते: कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवून, ध्वनी ऐकविल्यावर श्रवणमार्गात होणारी विद्युत्-हालचाल मोजली जाते, आणि त्यासाठी मूल गाढ झोपलेले असावे लागते. म्हणून 'रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, गाडीत झोपू देऊ नका' अशी सक्त ताकीद आईला मिळते. पहाटेच्या लोकलमध्ये पेंगणाऱ्या लेकराला चिमटे काढून जागे ठेवीत आणलेल्या आया मी पाहिल्या. इतके करून मूल खोलीत आल्यावर टक्क जागे होते आणि नवी तारीख पडते, असेही घडते.

पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचारास प्रारंभ, असा या क्षेत्रातील जगन्मान्य संकेत आहे. व्हरांड्यातील बाकांवर मात्र ज्यांना मी पाहिले, त्यांतील बहुतेकांना 'हा बोलत का नाही' ही शंका येईपर्यंत दुसरा वाढदिवस उलटून गेला होता.

ज्यांना श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही अशा अत्यल्पवयीन मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया असते. तिचा खर्च लाखांच्या घरात जातो. केंद्र शासनाच्या योजनेतून ती गरीब कुटुंबांना विनामूल्य मिळू शकते, आणि त्या योजनेचे सूत्रचालन वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. वर्तमानपत्रांत यंत्र प्रथम सुरू केल्यावर दचकलेल्या मुलाचे आणि डोळे पुसणाऱ्या आईचे छायाचित्र येते, व वाचकाची समजूत होते की कार्य सिद्धीस गेले. वास्तविक त्या दिवशी मुलाला केवळ आवाज मिळालेला असतो. आवाजातून अर्थ निवडून काढण्याचे शिक्षण तेथून पुढे निदान काही वर्षे चालते. रोज सकाळी आईने मुलाच्या पाठीमागे किंवा तोंड झाकून 'आ', 'ई', 'ऊ', 'म', 'श', 'स' असे सहा ध्वनी उच्चारायचे आणि मुलाने प्रत्येकाला मणी टाकून पोच द्यायची. डॅनिएल लिंग या शिक्षकाने घालून दिलेली ही परीक्षा जाडसर ते अतिबारीक अशी बोलण्याची सारी पट्टी चाचपून पाहते. पाच मणी पडले आणि सहावा पडला नाही, की यंत्रात काही बिघाड आहे किंवा सेल संपत आला आहे, हे अक्षरशत्रू आईलाही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कळते.

थांबण्याची शिकवण

कान निर्वेध ठरल्यावर आपण ज्याला उपचार म्हणतो तो सुरू होतो, आणि येथे प्रेक्षकाची मोठीच निराशा होते; कारण सतरंजीवर बसून बाई मुलाशी खेळत आहेत यापलीकडे त्याला काही दिसत नाही. झाकण घट्ट बसविलेली पारदर्शक बरणी, तिच्यात एक लाल मोटार. मूल बरणी हलवते, आपटते, शेवटी बाईंकडे सरकवते. बाई ती हातात घेतात आणि काहीही करीत नाहीत. त्या मुलाकडे अपेक्षेने पाहत राहतात, आणि मनात आकडे मोजत असाव्यात, कारण तेवढ्या अवधीत मागे बसलेल्या आईचा धीर सुटतो आणि ती म्हणते, 'बोल ना, सोनू, उघड म्हण, म्हण ना उघड!' मूल बरणी सोडून खिडकीकडे निघून जाते.

'आई,' बाई शांतपणे म्हणतात, 'तो बोलणार होता. तुम्ही त्याची पाळी घेतलीत.'

पाळी हा या व्यवसायातील कळीचा शब्द मला वाटला. संभाषण म्हणजे आळीपाळीने घेतलेली पाळी. ती मुलाकडे येते तेव्हा त्याने ती घ्यावी यासाठी समोरच्याने गप्प बसावे लागते, आणि आपल्या घरांत गप्प बसण्याचे वळणच नाही. चार माणसांच्या कुटुंबात मुलाने मान वळविताच कोणीतरी पाण्याचा पेला पुढे करते. एकत्र कुटुंबात तर दोघे-तिघे करतात. ज्याला मागण्याआधी मिळते त्याने मागावे कशाला? याच्या जोडीला परीक्षा असते: 'हे काय आहे? हा रंग कोणता? काकांना सांग, भू भू कसा करतो?' बोलू लागलेल्या मुलाला या परीक्षेत कौतुक वाटते; न बोलणारे मूल तिच्यात प्रत्येक वेळी नापास होते आणि हळूहळू माणसांकडे पाहणेच टाळू लागते.

म्हणून बाई आईला प्रश्न बंद करावयास सांगतात. त्याऐवजी जे चालले आहे त्याचे साधे, छोट्या वाक्यांत वर्णन करावे: 'पाणी गरम. अंगावर ओतलं. साबण लावला. फेस आला.' मूल 'गाडी' म्हणाले तर आपण 'हो, गाडी गेली' म्हणावे, एखादाच शब्द जोडून त्याचे बोलणे त्याला परत द्यावे, आणि मग थांबावे. आपडी-थापडीसारखा जुना खेळ खेळताना शेवटचा शब्द गिळून टाकून मुलाकडे पाहावे. ज्या मुलाने कधी शब्द उच्चारला नाही तेही त्या रिकाम्या जागेत काहीतरी ध्वनी टाकते. कॅनडात 1975 साली अयाला मॅनोलसन यांनी सुरू केलेल्या हॅनेन कार्यक्रमाने 'पाहा, थांबा, ऐका' ही आईबापांसाठीची शिस्त जगभर पोचविली. आपल्याकडील तज्ज्ञांनी ती पोळ्यांच्या कणकेपर्यंत आणि भाजी निवडण्यापर्यंत आणून ठेवली आहे. त्यामागे हिशेबही आहे. आठवड्यातून एकदा पाऊण तास एवढीच रुग्णालयाची ऐपत; उरलेल्या वेळात मुलाशी जो कोणी बोलेल तोच त्याचा खरा उपचारक.

मोबाईलचा विषय निघाल्यावर सर्वांचे चेहरे उतरतात. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये, फार तर दूरच्या नातेवाइकांशी चित्रफोनवर बोलू द्यावे, आणि पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला एका तासाची मर्यादा पाळावी, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 साली सांगितले आहे. बाई या बाबतीत उपदेश करीत नाहीत. 'केव्हा देता?' एवढेच विचारतात, आणि आई सांगते, 'जेवताना. आणि मी धुणी-भांडी करायला जाते तेव्हा.' एका खोलीच्या घरात, दुसरे कोणी माणूस नसताना, मुलाला सुरक्षित एका जागी बसविण्याचे दुसरे साधन त्या आईपाशी नाही, हे बाईंना माहीत असते; म्हणून त्या जेवणापुरता फोन बंद करण्याचा करार करतात आणि बाकीचा विषय पुढच्या तारखेवर ढकलतात. मला हा व्यवहार शहाणपणाचा वाटला.

ओठांपासून मूर्ध्यापर्यंत

काही मुले बोलतात, भरपूर बोलतात, पण घराबाहेरच्या कोणाला त्यातले काही कळत नाही. 'काकू'ची 'तातू' होते, 'गाय' 'दाय' होते, 'र' चा 'ल' होतो, आणि 'ळ' तर फार काळपर्यंत दाराबाहेरच उभा असतो. आपली वर्णमाला प्राचीन वैयाकरणांनी उच्चारस्थानांच्या क्रमाने रचली: कंठापासून निघून तालू, मूर्धा, दंत करीत ती ओठांशी येऊन थांबते. मूल सामान्यतः उलट टोकाकडून निघते. प, ब, म हे ओठांवरचे वर्ण त्याला आधी सापडतात, जिभेचे मागचे टोक उचलून म्हणावयाचे क आणि ग नंतर येतात, आणि जीभ मागे वळवून टाळूला टेकविण्याची ण, ळ यांची कसरत त्याहून उशिरा साधते. तीन वर्षांच्या मुलाने 'तातू' म्हणावे यात दोष नाही. पाच वर्षांच्याने म्हटले तर लक्ष घालावे. दरम्यान घरच्यांनी कौतुकाने आपणही 'तातू आली, तातू आली' म्हणू नये, ही एकच पथ्याची गोष्ट.

'क' काढण्याची रीत पाहण्यासारखी असते. मुलाला उताणे निजवितात, म्हणजे जीभ आपोआप मागे पडते. किंवा लाकडी पट्टीने जिभेचे टोक हलकेच खाली दाबून धरतात, म्हणजे 'त' म्हणणे अशक्य होते आणि त्याच प्रयत्नातून एक ओबडधोबड 'क' बाहेर पडतो. तो पडला की मुलाला प्रथम आश्चर्य वाटते. मग 'क' सुटा, मग 'का', मग 'काका', मग वाक्यात, आणि सर्वांत शेवटी भांडताना. कारण खोलीत साधलेला वर्ण रागाच्या भरात टिकला, तरच तो खऱ्या अर्थाने आला असे समजतात.

टाळू दुभंगलेल्या मुलांची गोष्ट निराळी. शस्त्रक्रियेने टाळू जोडल्यानंतरही हवा नाकावाटे निसटत असेल, तर प, ब, त, द हे तोंडात दाब साठवून सोडावयाचे वर्ण पोकळ होतात. बाई नाकाखाली एक छोटा धातूचा आरसा धरतात आणि मुलाला 'पापा' म्हणावयास सांगतात. आरशावर वाफ धरली तर हवा निसटते आहे. मग शिकवून ते सुटेल की पुन्हा शल्यविशारदाकडे पाठवावे, हा निर्णय घ्यावा लागतो. फुगे फुगवा, मेणबत्त्या विझवा, हे पूर्वी सर्रास सांगितले जाणारे व्यायाम आता मागे पडले आहेत, कारण फुंकर मारण्यातील हालचाल आणि बोलण्यातील हालचाल एक नसते.

घरगुती उपचारांची यादी लांब आहे: उगाळलेले वेखंड, अक्कलकाढा, मध, पोपटाने उष्टावलेला पेरू. मध मात्र एक वर्षाखालील बालकास चाटवू नये, कारण त्यातून होणारी विषबाधा विरळा असली तरी प्राणघातक होऊ शकते. जिभेखालचा टाका कापला की मूल बोलू लागेल, ही समजूतही अशीच चिवट आहे. जीभ खरोखर आखडलेली असेल तर अंगावर पिताना अडचण येते, क्वचित एखादा वर्ण अडतो. पण ज्या मुलाला शब्दच सुचत नाहीत त्याचा अडथळा जिभेखाली नसतो. टाका कापून घेतल्यावर सहा महिने फळाची वाट पाहून मग येथे आलेली कुटुंबे थोडी नाहीत.

तोतरेपणाचा प्रारंभ बहुधा दोन ते पाच या वयात, वाक्ये लांब होऊ लागतात त्या सुमारास होतो, आणि बहुसंख्य मुलांत तो मागाहून ओसरतो. जेथे ओसरत नाही तेथे सिडनीत विकसित झालेली लिडकोम पद्धती वापरतात; तिच्यात आई किंवा बाप रोज ठराविक वेळ मुलाशी गप्पा मारतो आणि अडखळ्याची दखल घेण्यापेक्षा सुरळीत गेलेल्या वाक्याचे मोजके कौतुक करतो. 'हळू बोल, श्वास घे, पुन्हा म्हण' हे आपले पिढीजात औषध येथेही बाद ठरते.

घरची भाषा

पुण्याच्या एका खाजगी केंद्रात भेटलेल्या तरुण वाचातज्ज्ञाने मला सांगितले की, त्यांच्याकडे येणाऱ्या पालकांची पहिली विनंती 'बोलता करा' अशी नसून 'इंग्रजीत बोलता करा' अशी असते. शाळाप्रवेशाची मुलाखत तोंडावर आलेली असते. आई-बाप आपापसांत मराठी बोलतात, आजी मराठीतच जगते, सांभाळणारी बाई मराठवाड्यातील. आणि मुलाशी मात्र सर्वजण 'ॲपल दे, हँड वॉश कर' अशी क्रियापदापुरती मराठी बोलतात. दोन भाषांमुळे मूल गोंधळते आणि म्हणून बोलत नाही, हा समज चुकीचा आहे. दोन भाषांत वाढल्याने वाचादोष निर्माण होत नाही. अपाय होतो तो निराळ्या कारणाने: आपल्याला ज्या भाषेत चिडवता येत नाही, लाड करता येत नाहीत, गोष्ट रंगवता येत नाही, त्या भाषेत आपण मुलाशी कमी आणि कोरडे बोलतो. अमेरिकेतील मराठी कुटुंबे रात्री उशिरा चित्रफोनवरून या तज्ज्ञाचा सल्ला घेतात. तेथेही एखाद्या शिक्षिकेने 'घरी इंग्रजीच बोला' असे सांगितलेले असते, आणि भारतातून राहावयास गेलेल्या आजीची त्या सल्ल्याने नातवाशी बोलण्याची सोयच संपलेली असते.

भाषेचे मोजमाप हाही एक कठीण प्रश्न आहे. परदेशी चाचण्यांतील चित्रांत बर्फाचा माणूस येतो आणि पालघरच्या मुलाला तो ओळखता आला नाही म्हणून गुण कापले जातात. म्हैसूर आणि तिरुवनंतपुरम येथील संस्थांनी भारतीय मुलांसाठी मोजपट्ट्या तयार केल्या. परंतु मराठीची स्वतःची वळणे जाणून घेतल्यावाचून मराठी मुलाचे मोजमाप होत नाही. एक मुलगा सतत 'मी जाते, मी खाते' म्हणतो म्हणून बाप हवालदिल होऊन मुंबईच्या बाईंकडे आला होता. दिवसभर आईच्या सहवासात असलेल्या मुलाने आईचे क्रियापद जसेच्या तसे उचलावे यात वावगे काही नाही. 'मी'च्या मागोमाग बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदात उतरविणारी आपली भाषा आहे, आणि हे गणित मुलांना यथावकाश सुटते. हे ऐकून बापाच्या जिवावरचे ओझे उतरले खरे, पण त्याने घरी जाऊन मुलाशी स्वतः थोडे बोलावे, ही बाईंची सूचना त्याच्या कानांवर कितपत पडली याविषयी मला संशय आहे.

वारली किंवा पावरी बोलणाऱ्या घरांतील मुलांची स्थिती याहून बिकट. अंगणवाडी मराठीत, घर दुसऱ्याच भाषेत. मूल अंगणवाडीत गप्प बसते ते भाषा येत नाही म्हणून की वाचादोष आहे म्हणून, हे ठरविण्यासाठी त्याच्या घरची भाषा जाणणारे माणूस लागते, आणि तसे माणूस बहुधा अंगणवाडीतील मदतनीसच असते, जिला कोणी विचारत नाही.

दप्तर आणि दाखले

म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था 1965 सालची, वांद्र्याची राष्ट्रीय संस्था 1983 ची. मुंबईच्या नायर रुग्णालयातही या विषयाचे शिक्षण दीर्घकाळ चालत आले आहे. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे या व्यावसायिकांची नोंदवही आली, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत वाचा व भाषा यांच्या दोषाला स्वतंत्र स्थान मिळाले. 2011 च्या जनगणनेने देशात सुमारे 20 लक्ष माणसे बोलण्यासंबंधी दिव्यांग असल्याचे नोंदविले. पण दारात उभ्या राहिलेल्या गणकाला तीन वर्षांच्या मुलाविषयी 'बोलेल हळूहळू' यापलीकडे कोण काय सांगणार? तो आकडा मोठ्यांचा आहे असे समजणेच इष्ट.

गावपातळीवर या मुलांना हुडकण्याची व्यवस्था कागदावर चांगली आहे, आणि मला वाटते काही अंशी प्रत्यक्षातही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथूनच, ते ठाणे जिल्ह्यात मोडत असताना, झाला. त्यानुसार दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे पथक गाडीतून वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाते; संशयित मुलाला जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठविते, जेथे श्रवणतज्ज्ञ व वाचातज्ज्ञ यांची पदे मंजूर असतात. मंजूर पद आणि हजर माणूस यांतील अंतर सर्व खात्यांत असते तसे येथेही आहे. एका जिल्ह्याच्या केंद्रात मी गेलो तेव्हा वाचातज्ज्ञ होत्या, तत्परही होत्या. परंतु संपूर्ण जिल्ह्यासाठी त्या एकट्याच होत्या, आणि दूरच्या तालुक्यातून येणाऱ्या मुलाला महिन्यातून एकदाच बोलावणे त्यांना शक्य होते. त्या एका फेरीसाठी आईची एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते, आणि दुपारची गाडी चुकली तर मुक्कामाचा प्रश्न उभा राहतो. तीन फेऱ्यांनंतर जे कुटुंब येईनासे होते, त्याच्या नावापुढे दप्तरात 'पालक उदासीन' असा शेरा पडतो. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो.

दाखल्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. पुष्कळ बाप ते काढण्यास नाखूश असतात. मुलगी असेल तर अधिकच. 'उद्या बोलू लागला तर शिक्का कायमचा राहील' हे त्यांचे म्हणणे. उलट, श्रवणयंत्र, शिष्यवृत्ती, प्रवासभाडे या सर्वांची किल्ली तोच कागद आहे. या पेचात रुग्णालयातील समाजसेविका मध्यस्थी करतात, आणि त्यांच्या टेबलापाशी जेवढा वेळ वाद चालतो तेवढा वेळ डॉक्टरही कोणाला देत नाहीत.

'नको'चे चित्र

काही मुलांच्या तोंडी शब्द फार उशिरा येतात, काहींच्या येतच नाहीत. स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात यांमुळे ज्यांची वाचा अडली आहे त्यांच्यासाठी चित्रांचे फलक असतात, आणि मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प विभागाने तयार केलेल्या 'जेलो'सारखी साधने असतात, ज्यांत चित्रावर बोट ठेवले की यंत्र तो शब्द मोठ्याने उच्चारते. त्यांत मराठीही आहे. यावर घरच्यांचा ठरलेला आक्षेप असा की, चित्रे दिली तर तो बोलायचा कंटाळा करील. अनुभव आणि संशोधन दोन्ही उलट सांगतात: अशा साधनाने बोलणे खुंटत नाही, आणि कित्येकदा त्याला चालना मिळते.

त्या जिल्हा केंद्रात एका पाच वर्षांच्या मुलाचे आजोबा असाच आक्षेप घेऊन हुज्जत घालीत होते. धोतर, टोपी, कपाळाला बुक्का. तेथील वाचातज्ज्ञ बाईंनी छापील फलक त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहून दुसराच मुद्दा काढला: यात पिझ्झा आहे, तराफा आहे, हत्ती आहे, पण भाकरी कुठाय, बैल कुठाय, आणि लाइट गेली हे पोराने सांगायचं कसं? बाईंनी तत्काळ कागद ओढला. भाकरी, बैल, विहीर, 'लाइट गेली' म्हणून काट मारलेला दिवा, आणि आजोबांच्याच आग्रहावरून टोपी घातलेले आजोबा, अशी चित्रे हाताने काढून जुन्या चित्रांवर चिकटविण्यात आली. पुढच्या महिन्याच्या तारखेला मी मुद्दाम गेलो. आजोबा तक्रार घेऊनच आले होते. 'मॅडम, तुमच्या त्या पाटीवरचं बाकी काय बी दाबत नाय, सारखं नको-नको दाबतंय. अंघोळ नको, औषध नको, काल तर मलाच नको म्हटलं.' बाईंनी ते सर्व तपशीलवार लिहून घेतले, प्रत्येक 'नको' कोणत्या प्रसंगी आणि कोणाला, ते विचारले, आणि 'प्रगती' या रकान्यात नोंद करून पुढली तारीख दिली.